कन्सेशनवर घेतलेल्या कोंबड्या

डिसेंबर १९७१च्या पहिल्या आठवड्यात युद्ध सुरू झाले आणि ते संपेपर्यंत आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणातल्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांनी अंडी देणे जवळजवळ बंद केले. त्या अकरा होत्या. नोव्हेंबरात त्या रोज सात-आठ अंडी देत. युद्धबंदी जाहीर झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी एक अंडे मिळाले. तिसऱ्या दिवशी एकही नाही.

घरात रोज दोन अंडी लागत. ती माझ्या थोरल्या बहिणीसाठी. बाकी कोणी अंडी खात नसे.

आमचे क्वार्टर लष्करी सामानाच्या सरकारी कारखान्याच्या इस्टेटीत, रांझीच्या बाजारापासून सायकलने दहा मिनिटांवर होते. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे अंगण, अंगणात जामाचे झाड. पुण्याकडचे लोक त्याला पेरू म्हणतात. आजोबा नागपूरहून येऊन कारखान्यात लागले होते आणि वडीलही तिथेच एक्झामिनर होते. मशीनवरून तयार होऊन आलेला प्रत्येक तुकडा गेजला लावून पाहायचा, मापात बसला तर पास, नाही तर रिजेक्ट, हे त्यांचे काम. रिजेक्ट तुकड्यावर लाल रंगाचा ठिपका पडे. वीस वर्षे त्यांनी हेच केले होते आणि घरातही त्यांच्या बोलण्यात पास आणि रिजेक्ट हे दोन शब्द भाजीपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना लागू होत.

बहीण बावीस वर्षांची होती. शिक्षिकेचे प्रशिक्षण पुरे करून अधारतालच्या एका प्राथमिक शाळेत तिची निवड झाली होती. रुजू होण्याआधीच्या तपासणीत, एप्रिलमध्ये, तिच्या उजव्या फुप्फुसावर डाग निघाला. शाळेने जागा एक वर्ष राखून ठेवायचे कबूल केले. पुढच्या सत्राच्या आधी डॉक्टरचे फिटनेस सर्टिफिकेट आणले तर नोकरी तिची, नाही आणले तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराची. हे वडिलांनी शाळेकडून लिहून घेतले आणि तो कागद आरशामागे खोचून ठेवला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इंजेक्शने, गोळ्या, आराम, अर्धा लिटर दूध आणि रोज दोन अंडी सांगितली. आईने विचारले, अंड्याच्या जागी दुसरे काही चालेल का. आमच्या घरात अंडे आलेच नव्हते.

"माताजी, मूँगफली भी खिलाइए, दाल भी खिलाइए," डॉक्टर म्हणाले. "पर अंडा अंडा है. दो. रोज. ऐसा नहीं कि आज चार दे दिए और कल छुट्टी."

आई घरी आली आणि तिने अंगणात, भिंतीला लागून, एक वेगळी सिगडी मांडली. तिच्याशेजारी एक पातेले आणि एक चमचा. ते पातेले नंतर एकदाही स्वयंपाकघरात गेले नाही.

मे महिन्यात बाजारातून आणलेल्या सहा अंड्यांपैकी तीन पाण्यात तरंगली, म्हणजे शिळी निघाली. दुसऱ्यांदा आणली तेव्हा दोन. तेव्हा वडिलांनी ठरवले की कोंबड्या घरीच पाळायच्या. कोणत्या पाळायच्या, हे ठरवायला मात्र अडीच महिने लागले.

कारखान्यात नवा माल घेण्यापूर्वी नमुना मागवत. वडिलांनी तसेच केले. एका रविवारी ते सायकलने अधारतालच्या सरकारी फार्मवर गेले आणि तिथल्या माणसाकडून दोन पांढऱ्या लेगहॉर्न आणि दोन लालसर ऱ्होड आयलंड घेऊन आले, चारही अंड्यावर आलेल्या. लेगहॉर्न सडपातळ, पांढरीशुभ्र, मोठ्या लाल तुऱ्याची. सगळ्यांत जास्त अंडी हीच देते, असे फार्मवरच्या माणसाने सांगितले होते. ऱ्होड आयलंड जाडजूड, संथ, तपकिरी अंडे देणारी. शेजारच्या चाचीने बरगीच्या हाटातून दोन देशी कोंबड्या आणून दिल्या. त्या वेळी बरगीला धरण नव्हते. गाव हाटासाठीच ओळखले जाई. त्या दोघींपैकी एक ठिपक्यांची होती, एक मातकट. सातवा आणि आठवा नमुना वडिलांच्या एका सहकाऱ्याने झाबुआहून परत येताना टोपलीत घालून आणला. ती कडकनाथची जोडी होती. पिसे काळी, चोच काळी, तुरा काळा, पायही काळे.

कारखान्यातून रीतसर विकत घेतलेल्या पॅकिंगच्या पेट्यांच्या लाकडाचे खुराडे झाले. चार कप्पे, चार जाती. प्रत्येक कप्प्यावर वडिलांनी खडूने लॉट नंबर टाकला.

पहिला निकाल कडकनाथच्या जोडीचा लागला. कोंबडी तिसऱ्या दिवशी एक अंडे देई, तेही कुठे दिले ते शोधावे लागे. कोंबडा दुपारी दोनला आरवे, चारला आरवे, आणि मागच्या ओळीतला रात्रपाळीचा एक फिटर तीन दिवस झोपला नाही. ताईला मात्र तीच जोडी आवडली होती. व्हरांड्यातल्या खाटेवरून ती त्यांना पोहे टाकी. जोडी परत करायला वडील गेले तेव्हा सहकारी म्हणाला, काळे मांस अशक्तपणावर फार चांगले, पोरीला तेच द्या. हे आईला कळले तेव्हा ती म्हणाली, "अंड्यापर्यंत आलो तेवढं पुरे."

उरलेल्या सहा कोंबड्यांची परीक्षा आईवडील दोघांनी आपापल्या पद्धतीने घेतली.

वडिलांनी टिनाच्या पत्र्याच्या दोन कड्या कापल्या. एक मोठी, एक लहान. अंडे मोठ्या कडीतून गेले पाहिजे आणि लहान कडीत अडकले पाहिजे. लहान कडीतूनही निसटून खाली पडले तर ते रिजेक्ट. कारखान्यात ते हेच करत, फरक इतकाच की इथे तुकडा खाली पडला तर फुटे. म्हणून खाली ते डावा तळहात धरत. रोज सकाळी ड्यूटीला जाण्याआधी, गणवेश चढवून, ते ओट्यावर बसून अंडी कडीतून काढत आणि वहीत टिपत.

आई फक्त पाहत बसे. चहाची कपबशी घेऊन ती खुराड्यासमोर पाटावर बसे आणि कोंबड्या काय करतात ते पाही. एप्रिलपर्यंत जन्मात अंड्याला हात न लावलेल्या बाईला महिन्याभरात पाठमोरी कोंबडी कोणती ते ओळखू येऊ लागले. ताई खोकली की ती ताईकडे न बघता कोंबड्यांकडे बघे. खोकला ऐकून लेगहॉर्न दोन्ही पंख उघडून जाळीवर आदळत. ऱ्होड आयलंड मान वर करून थांबत. देशी कोंबड्या एकदा बघत आणि माती उकरणे चालू ठेवत.

"या पांढऱ्यांना घाबरायची सवय आहे," आईने सांगितले.

"सवय वहीत लिहायला कॉलम नाही," वडील म्हणाले.

ऑगस्टच्या मध्यावर निकाल लागला. लेगहॉर्नची अंडी संख्येने सर्वांत जास्त, एका मापाची, सगळी पास. ऱ्होड आयलंडचे अंडे एक दिवस मोठे, एक दिवस लहान, आणि खाणे दुप्पट. देशी कोंबड्यांचे एकूण एक अंडे लहान कडीतून निसटून वडिलांच्या तळहातावर पडले होते. शिवाय ठिपक्यांच्या देशीने बारा अंडी देऊन झाल्यावर रिकाम्या गवतावर बैठक मारली आणि तीन आठवडे ती तिथून उठली नाही. अंगाखाली एकही अंडे नव्हते. वडिलांनी वहीत तिच्या नावापुढे 'मशीन बंद' असे लिहिले.

दोन्ही देशी आणि दोन्ही ऱ्होड आयलंड रिजेक्ट झाल्या. वडिलांनी चौघींच्या पायाला लाल धागा बांधला.

"एक तरी देशी ठेवा," आई म्हणाली. "ती बसून राहिली, तर खाली अंडी ठेवू. पिल्लं होतील."

"पिल्लं कोणाला पाहिजेत? आपल्याला अंडी पाहिजेत. दोन. रोज."

"मग या पांढऱ्या काय जन्मभर देत राहणार?"

"नाही दिली तर फार्मवरून दुसऱ्या आणू."

"आणि त्यानं नाही म्हटलं तर?"

"काहून नाही म्हणेल? सरकारी आहे."

"अहो, पण एक ठेवली तर बिघडते काय?"

"एका लॉटमध्ये दोन नमुने नाही चालत," वडील म्हणाले, आणि चारही कोंबड्या भिंतीवरून चाचीकडे गेल्या.

चाची पलीकडच्या क्वार्टरमध्ये राहत. त्यांचे यजमान त्याच कारखान्यात टर्नर होते. चाचीकडे आधीच चार-पाच देशी कोंबड्या आणि एक कोंबडा होता, सगळे मोकळे फिरणारे. लाल धागे पाहून त्या हसल्या.

"काए भैयाजी, मुर्गी भी फेल होती है तुम्हारे इधर?"

"माप में नहीं बैठी," वडिलांनी सांगितले.

सप्टेंबरात फार्मवरून आणखी नऊ लेगहॉर्न आल्या. वडिलांनी खुराड्यात एक बल्ब लावला. फार्मवरच्या माणसाने सांगितले होते की दिवस लहान झाला की कोंबडी अंडी कमी करते, तेव्हा उजेड वाढवून तिला दिवस मोठा भासवायचा. संध्याकाळी दिवे लागल्यापासून आम्ही जेवून उठेपर्यंत तो बल्ब जळे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंड्यांचा तोटा नव्हता. ताई दोन खाई, बाकीची चाचीकडे आणि ओळीतल्या बाकीच्या घरांत जात. ताई अंडे खाताना नाक दाबत असे. आई उकडलेले अंडे सोलून, मीठ-मिरी लावून बशीत ठेवी आणि तोंड फिरवून उभी राही. दोघी एकाच वेळी श्वास धरत, असे ताई सांगे. दिवाळीपर्यंत तिचे वजन वाढले होते. आमच्या ओळीतल्या बायका तिला पाहून म्हणू लागल्या की आता ती आजारी वाटत नाही.

मग युद्ध आले.

कारखान्यात पाळ्या बारा तासांच्या झाल्या, साप्ताहिक सुट्टी गेली. इस्टेटीत ब्लॅकआउट लागू झाला. प्रत्येक ओळीला एक वॉर्डन नेमला आणि आमच्या ओळीचे वॉर्डन वडीलच होते. खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावला आहे की नाही हे पाहत ते ओळीतून फिरले, आणि सर्वांत आधी त्यांनी आपल्या खुराड्यातला बल्ब काढून खिशात टाकला.

मी त्या वर्षी शहरातल्या एका हिंदी दैनिकात शिकाऊ उपसंपादक होतो. दुपारी निघून रात्रीचे पान लागेपर्यंत कचेरीत असे, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत अंगणात काय झाले ते मला आईकडून कळले. इस्टेटीत अफवा होती की विमानातून पांढरी वस्तू चटकन दिसते, आणि पांढऱ्या कोंबड्या पाळणाऱ्यांना नोटीस येणार आहे. असा काही आदेश निघाल्याचे मी पाहिले नाही आणि कोणी दाखवलाही नाही. तरी वडिलांनी खुराडे गोणपाटांनी झाकले. आत आधीच अंधार झाला होता, तो आणखी वाढला.

सायरनचा सराव दिवसाही होई. पाळीच्या भोंग्याची कोंबड्यांना सवय होती. भोंगा एका सुरात वाजे आणि त्यानंतर दाणे मिळत, हे त्यांना ठाऊक होते. सायरन खालीवर होई. पहिल्या सायरनला अकराही लेगहॉर्न एकदम जाळीवर आदळल्या. दुसऱ्या दिवशी एकीची मान तारेत अडकलेली सापडली. उरलेल्या दहांची पिसे झडू लागली. अंगण उशी फाटल्यासारखे झाले. सात अंडी होती तिथे पाच आली, मग तीन, मग एक.

रांझीच्या बाजारात अंडी कधी मिळत, कधी नाही. मिळाली तर आई पाण्यात टाकून पाही. वडिलांना अधारतालला जायला सुट्टी नव्हती. त्यांनी दाण्यात शिंपल्यांचा चुरा वाढवला, पाणी कोमट केले, गोणपाट दिवसा काढून संध्याकाळी पुन्हा लावला. कंदिलाला निळा कागद लावून खुराड्यात ठेवता येईल का, असे ताईने विचारले. वॉर्डनने नकार दिला.

ज्या दिवशी एकही अंडे मिळाले नाही, त्या दिवशी वडील दुपारी घरी होते. पाळी बदलत होती. आईने बशी रिकामी ठेवली आणि ती भिंतीपाशी गेली. पलीकडे चाची धान्य पाखडत होत्या.

"चाची, तुमच्या कोंबड्या अंडी देऊन राहिल्या का?" आईने मराठीतच विचारले. पंधरा वर्षांच्या शेजारात चाचींना मराठी समजे, आणि आईला त्यांची बुंदेली.

"दे रईं, भौजी. जे तुम्हारी मिट्टी वाली तो सायरन में भी बैठी रई, अंडा दे के उठी." चाचींनी ओच्यातून एक अंडे काढून दाखवले. मग त्यांना वडील ओट्यावर बसलेले दिसले. "काए भैयाजी, फेल वाली पास हो गई का?"

वडील उठले. त्यांनी भिंतीवरून अंडे घेतले, खिशातून लहान कडी काढली आणि अंडे तिच्यात सोडले. ते निसटून तळहातावर आले.

"लहान आहे," ते म्हणाले.

"मग तीन देऊ," आई म्हणाली.

अडीच महिने चाचणी घेणाऱ्या आणि वहीत रोजची नोंद ठेवणाऱ्या माणसाला हे सुचले नव्हते. डॉक्टरांनी दोन सांगितली म्हणून दोनच, आणि दोन म्हणजे पास झालेली दोन, असे त्यांनी धरले होते. ते आत गेले, तराजू घेऊन आले आणि चाचीकडून आणखी दोन अंडी मागून त्यांनी तिन्ही एकदम तोलली. वहीतल्या नोव्हेंबरच्या पानावर लेगहॉर्नच्या अंड्यांची वजने होती.

"तीन देशी म्हणजे दोन लेगहॉर्न," ते म्हणाले. "थोडं जास्तच भरते."

"हे काय तोलायला पाहिजे होतं?"

"तोलायला पाहिजेच."

कारखान्यात त्या काळात एक पद्धत होती. मापात किंचित न बसणारा, पण काम करू शकणारा माल, गरज निकडीची असेल तर, वरिष्ठाच्या सहीने स्वीकारत. याला कन्सेशन म्हणत. माल पास होत नसे. तो रिजेक्टच असे, फक्त कन्सेशनवर घेतला जाई, आणि कोणत्या कारणाने, कोणाच्या सहीने, हे नोंदवावे लागे. युद्धाच्या महिन्यात एक्झामिनरांच्या टेबलावर असे कागद रोज येत. वडिलांनी वहीचे नवे पान उघडले, त्यावर रेघा मारल्या आणि लिहिले: देशी अंडी, लहान कडीत नापास, कन्सेशनवर स्वीकार, प्रमाण तीनास दोन. मग ते थांबले.

"वरिष्ठ कोण?" त्यांनी आईला विचारले. "तू करतेस सही?"

"मी काहून करू? मी खात नाही."

ताई खाटेवरून उठून आली. तिने शाल सावरली आणि वडिलांच्या हातातले पेन घेतले.

"खाणार मी, तर सही माझी," ती म्हणाली. "पण तीन म्हणजे तीनदा नाक दाबायचं, हेही लिहा त्यात."

वडिलांनी ते लिहिले नाही. तिने सही केली.

अदलाबदल त्याच दिवशी झाली. पाच लेगहॉर्न चाचीकडे गेल्या. चाची म्हणाल्या, ठीक है, पण या मेमसाब आमच्याकडे उकिरड्यावर खातील का ते सांगता येत नाही. बदल्यात दोन्ही देशी आणि एक ऱ्होड आयलंड परत आली. धागे चाचीने केव्हाच सोडून टाकले होते. त्यांच्या सहा-सात देशी कोंबड्यांत आपल्या कोणत्या, हे वडिलांना ओळखता आले नाही. आईने अंगणाच्या दारात उभे राहून दोघींकडे बोट दाखवले.

"ती चालताना डावा पाय आधी उचलते. आणि ती, माझ्याकडे पाहून राहिली ती."

दुसऱ्या दिवशी दोन अंडी मिळाली. एक चाचीने दिले.

जानेवारी सोपा गेला नाही. मातकट देशी रोज अंडे देई, ऱ्होड आयलंड दिवसाआड. ठिपक्यांची आधी देई, मग अचानक देईनाशी झाली. आईने तीन दिवस तिच्या मागे फिरून शोध लावला. ती लाकडांच्या ढिगामागे जाऊन बसत होती आणि तिथे नऊ अंडी साठली होती. ती अंडी पाण्यात टाकून पाहिली, आठ बुडाली. त्या आठवड्यात ताईची चिंता राहिली नाही. ज्या दिवशी तीन भरत नसत, त्या दिवशी चाची भिंतीवरून आवाज देत, "भौजी, आज कित्ते कम पड़ रए?" आणि आई बोटांनी दाखवी. चाचीने दिलेली अंडी वडील वहीत वेगळ्या रकान्यात लिहीत. त्या रकान्याला त्यांनी 'बाहेरून' असे नाव दिले होते. ते आईने पाहिले आणि 'बाहेरून' खोडून 'चाची' लिहायला लावले.

जानेवारीच्या अखेरीस ठिपक्यांची पुन्हा बैठक मारून बसली. या वेळी वडिलांनी 'मशीन बंद' लिहिले नाही. आईने चाचीकडून अकरा अंडी आणली, चाचीच्या कोंबड्यापासून देशींना आणि तिथे राहिलेल्या ऱ्होड आयलंडला झालेली, आणि एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवली. कोंबडीने आईच्या हाताला एकदाही चोच मारली नाही. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्ले निघाली. काही लालसर होती, काही ठिपक्यांची, आणि एक जवळजवळ काळे, ज्याचा बाप कोण याबद्दल चाची आणि आई यांचे एकमत झाले नाही. वडील ड्यूटीवरून आले, गणवेशातच खुराड्यासमोर बसले आणि बराच वेळ पिल्ले मोजत राहिले. ती हलत असल्याने त्यांना तीन वेळा मोजावी लागली.

"कोणत्या जातीची म्हणायची ही?" त्यांनी विचारले.

"आपली," आई म्हणाली.

"तसा कॉलम नाही."

"मग पाडा."

फेब्रुवारीत दिवस मोठा होऊ लागला, ब्लॅकआउट केव्हाच उठला होता, आणि उरलेल्या पाच लेगहॉर्नना नवी पिसे आली. त्यांनी पुन्हा अंडी द्यायला सुरुवात केली. बल्ब खुराड्यात परत लागला नाही. वडिलांनी तो व्हरांड्यात ताईच्या खाटेच्या वर लावला, कारण ती आता संध्याकाळी बसून पाठांची टाचणे लिहू लागली होती. लेगहॉर्नची अंडी सुरू झाल्यावरही ताई एक आठवडा देशीच मागत होती; चव वेगळी आहे, असे तिचे म्हणणे होते. आईला याबाबत मत देता आले नाही. वडिलांनी एकदा एक देशी अंडे उकडून चाखून पाहिले, भिंतीकडे तोंड करून, आणि निष्कर्ष वहीत लिहिला नाही.

त्या वर्षीच्या पुढल्या हंगामासाठी कोंबड्यांची निवड आईने केली. वडिलांनी फक्त विचारले की किती पांढऱ्या, किती देशी. तिने सांगितले की पांढऱ्या तीन पुरेत, मातकट आणि ठिपक्यांची राहतील, ऱ्होड आयलंड राहील, आणि पिल्लांतून कोणत्या ठेवायच्या ते ताई खोकल्यावर कोण दचकते ते पाहून ठरवू.

"ती आता कुठे खोकते?" वडील म्हणाले.

आईने विचार केला. "मग मी खोकून दाखवीन," ती म्हणाली.

मार्चमध्ये दवाखान्यात दुसरा एक्स-रे झाला. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात शेजारीशेजारी धरल्या आणि वडिलांना जवळ बोलावून दाखवल्या. डाग सुकला होता. गोळ्या आणखी सहा महिने चालू ठेवायच्या होत्या, अंडी बंद केली तरी चालणार होती. डॉक्टरांनी विचारले, रोज दोन दिली का. वडील म्हणाले, डिसेंबर ते फेब्रुवारी तीन, आणि कारण सांगू लागले. डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

फिटनेस सर्टिफिकेट एप्रिलच्या शेवटी मिळाले. शाळेने ते मान्य केले. जुलैत सत्र सुरू झाले त्या दिवशी ताई अधारतालच्या शाळेत रुजू झाली आणि तिला तिसरीचा वर्ग मिळाला.